बागेच्या नळावरची आंघोळ

करंजाड्यात आमच्या सोसायटीत तळमजल्याला राहणारा हा अँब्युलन्स ड्रायव्हर मूळचा नावड्याचा. मिशी अशी झुपकेदार, की वॉचमनही उगाच उठून उभा राहायचा. कोरोनात ड्युटीवरून आला की घरात न शिरता बागेच्या नळाखाली बसायचा आणि हळदीची गाणी बेंबीच्या देठापासून म्हणत अंग घासायचा. गाणं ऐकलं की बायका खिडक्या लावून घ्यायच्या. "मना लाज नाय, पन तुमाला तं हाय ना! म्हनून गातो," म्हणायचा.

एकदा तो गेटमधून आत येतोय तोच त्याची तीन वर्षांची पोरगी दार उघडून धावत सुटली. तसा हा मिशीवाला गडी "लांब र्‍हा बाय, लांब!" ओरडत बिल्डिंगभोवती पळायला लागला. खेळ समजून ती खिदळत मागे. गॅलरीतून आम्हीही हसत होतो. तो तेवढा हसत नव्हता.

आता साथ सरली, पोरगी शाळेत जाते. परवा ड्युटीवरून येऊन तो दारातच हात पसरून उभा राहिला. ती दोन पावलं मागे सरकली.

"बाबा, पयले आंगोल."

तो नळावर गेला. गाणं काही ऐकू आलं नाही.