मनगटावरचा लाल दिवा

परांची बांधण्यात त्याचा हात धरणारा साइटवर कोणी नव्हता. उंचीवर वावरून वावरून त्याचं नावच 'जिराफ' पडलं होतं. पण जिराफ आता थकला होता. दुपार कलली की पाय जड व्हायचे, आणि मनगटावरचा पट्टा लगेच चुगली करायचा: नाडी वाढली, अंग तापलं, दिवा लाल.

सेफ्टीच्या साहेबांनी बजावलं होतं, "आणखी एकदा लाल झालं, तर वरचं काम बंद. गेटवर बसायचं." गेटवर बसायच्या नुसत्या विचाराने त्याला अन्न गोड लागेना.

म्हणून त्या सकाळी त्याने पट्टा बायकोच्या हातात घातला. ती त्याच साइटवर खाली झाडलोट करायची, राडारोडा उचलायची. पट्टे फक्त उंचीवरच्यांना होते. खालची बाई पडून पडणार कुठून? पट्ट्याला नाडी कळायची, माणूस कळत नव्हता.

"तुझं काय, सावलीतलं काम," तो म्हणाला.

"हो, आराम करायलाच येते ना मी इथे," म्हणत तिने बाही खाली ओढली.

जेवणाची सुट्टी व्हायच्या आतच भोंगा वाजला. त्याचा नंबर पुकारला गेला. वर पाइप आवळत असलेला तो आधी मशीनवरच वैतागला; त्याला तर काहीच होत नव्हतं. मग एकदम लख्ख समजलं आणि तो धडपडत खाली आला.

ती सिमेंटच्या गोण्यांना टेकून बसली होती. ओठ कोरडे पडले होते, टोपलं अजून मांडीवरच होतं. साहेब पाणी घेऊन त्यालाच शोधत आले. "तू तर धडधाकट दिसतोस."

गप्प राहता आलं असतं. त्याने तिची बाही वर सारली. "मी नाही साहेब. ही."

साहेबांनी कपाळाला हात लावला. पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली, तिच्या मनगटावरचा पट्टा काढून घेतला. भोंगा थांबला. "उद्यापासून गेट," ते म्हणाले. "हिला आत पंख्याखाली झोपव."

तिला दिवसाउजेडी आडवी झालेली त्याने कधी पाहिलीच नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली. तिने डोळे उघडल्यावर त्याने हळूच विचारलं, "कधीपासून होतंय असं?"

"असं म्हणजे?" ती म्हणाली. "रोजच्यासारखंच तर होतं."