अळणी ताट

खानावळीतल्या आचारीकाकांना कुणी "मीठ कमी पडलंय" म्हटलं, की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. पण त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं हृदय थकलं, फुप्फुसांत पाणी साचू लागलं, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर अळणी जेवण सांगितलं. भुऱ्या महाहट्टी! काकांच्या ताटातलं सोडून कशालाच तोंड लावेना. मग काकाच अळणी जेवू लागले. हळूहळू भुऱ्याची धाप कमी झाली, तो पुन्हा दारापर्यंत सामोरा येऊ लागला.

एकदा काकूंनी ताटाच्या कडेला चिमूटभर मीठ वाढलं. "अहो, तुमच्यापुरतं तरी घ्या."

काका कडाडले, "उचल ते! गिऱ्हाइकांनी जन्मभर नावाजलं मला. पण मिठाशिवायचं ताट चाटूनपुसून लख्ख करणारा हा एकटाच!"