सोजराबाईच्या तोंडाचा वास

हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही. आईला सांगायचं राहिलं, ती गेली. पंचवीस वर्षं वर्गात उभी राहून मुलांना समाजकार्य शिकवलं, तिथंही एक शब्द काढला नाही. आज तुम्हाला सांगतेय. का? माहीत नाही. ऐका.

चौऱ्याण्णव साल. मी समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते. आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क, आणि मला मिळालं होतं नवी मुंबईतलं एक सरकारी बालगृह. खांद्याला झोळी, हातात वही, डोक्यात हवा. आता त्या झोळीची आठवण आली तरी माझं डोकं सणकतं.

तिथं छबू होती, नऊ वर्षांची, भुवईवर जुना व्रण. तिची आई सोजराबाई परभणीकडची, कोपरखैरण्याला इमारतींच्या कामावर विटा वाहायची. ती कामावर असताना छबू भटकत वाशीपर्यंत गेली, वाट चुकली, आणि पोलिसांनी बेवारस म्हणून तिला आमच्याकडे आणून सोडलं. चौथ्या दिवशी सोजराबाई शोधत आली. मिटलं ना? मुलीला आई मिळाली, आईला मुलगी मिळाली, जा घरी! पण तसं होत नाही. बालकल्याण मंडळापुढे अहवाल लागतो — घर कसं आहे, आई कशी आहे, शेजारपाजारचे काय म्हणतात. त्यासाठी कुणीतरी घरी जाऊन बघायचं. हे काम तिथल्या अधिकारी सावंतबाईंचं. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग. म्हणाल्या, "तू जाऊन ये गं. मी सही करते."

आणि मी —

थांबा. आधी हे सांगायला हवं की सोजराबाईचा मला राग होता. ती आठवड्यातून दोनदा यायची, पायरीवर बसून राहायची. एकदा मी तिला समजावायला गेले — बालकांचे हक्क, कायद्याची प्रक्रिया, असलं काहीतरी. ती माझ्याकडे बघत राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरी, तुला लेकरू हाय का? मंग तुला काय कळतंय?" शिपाई फिस्सकन हसला. मी बावीस वर्षांची होते. ते हसणं माझ्या अंगात रुतून बसलं. किती क्षुद्र! एका शिपायाचं हसणं!

गृहभेटीच्या दिवशी दुपारी निघाले. वाटेत सानपाड्याला मावशीचा फ्लॅट. म्हटलं, पाणी पिऊन पुढे जाऊ. मावशीने जेवायला बसवलं. जेवून पंख्याखाली आडवी झाले. उठले तेव्हा साडेचार वाजले होते. अजून जाता आलं असतं. ऊन उतरलं होतं, बस होती, पायाला काही झालं नव्हतं. मी गेले नाही.

मावशीच्या डायनिंग टेबलावर चहा पीत मी अहवाल लिहिला. झोपडी दहा बाय दहा. छपराला ताडपत्री. पाण्याची सोय नाही. सगळा अंदाज — खराही असेल. मग रकाना आला, 'व्यसने'. तो रिकामा सोडता आला असता. 'नाही' लिहिता आलं असतं. मी लिहिलं, 'आईला मद्यपानाची सवय असल्याचे शेजाऱ्यांकडून समजते.'

कुठले शेजारी? मी एकालाही भेटले नव्हते. मग का लिहिलं? अहवाल भरलेला दिसावा म्हणून. मी तिथं जाऊन आले असं वाटावं म्हणून. आणि हो — त्या हसण्याचा सूड म्हणूनही. लिहिताना हाताला बरं वाटलं होतं. हे मला आठवतंय.

मंडळाच्या बैठकीत सावंतबाईंनी ते वाक्य वाचलं. सोजराबाईला आधी कळलंच नाही. मग ती उठली. "दारू? म्या? कोन बोललं?" ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली, तोंड माझ्या तोंडाशी आणलं. "घे. वास घे माझ्या तोंडाचा. अन् सांग ह्यायला."

वास आला. मिश्रीचा. फक्त मिश्रीचा.

मी तोंड फिरवलं आणि एक पाऊल मागे सरले. बस्स, एवढंच केलं. पण ते सगळ्यांनी बघितलं. मंडळातले एक गृहस्थ शेजारच्या बाईंना हळूच म्हणाले, "बघा." दहा मिनिटांत हुकूम झाला — मुलीला अठरा पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत ठेवावे. छबू दारातून "आये, आये" करत होती. मी कागद जुळवत होते.

महिन्याभरात आमच्या कॉलेजातल्या मॅडमनी माझा अहवाल वर्गात वाचून दाखवला. नमुना म्हणून! मी मान खाली घातली, तर म्हणाल्या, किती विनयशील मुलगी आहे. सोजराबाई त्यानंतर दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा मी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन कपाटाआड उभी राहिले. मग बांधकाम संपलं, मुकादम आपली माणसं घेऊन दुसरीकडे गेला. ती पुन्हा आली नाही.

त्या काळी असंच चालायचं, असं आमच्या क्षेत्रातले लोक म्हणतात. संताप येतो मला. कोण चालवत होतं? सावंतबाईंनी न बघता सही केली, मंडळाने न विचारता हुकूम दिला, मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या — सगळं खरं. पण ते वाक्य त्यांच्यापैकी कुणाचंच नव्हतं. ते माझ्या अक्षरात होतं.

नव्याण्णव साली मी नुकतीच शिकवायला लागले होते. विद्यार्थ्यांना घेऊन एका संस्थेत गेले, छबूला पाठवलं होतं तीच संस्था. छबू चौदा वर्षांची झाली होती. भुवईवरच्या व्रणामुळे मी ओळखलं, तिने मला नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने तिला विचारलं, तू इथं कशी आलीस?

"माझी आई दारू प्यायची ना, म्हणून." आपल्या गावाचं नाव सांगावं, इतक्या सहज. मग जरा थांबून म्हणाली, "मला तिचं पिणं आठवत नाही. पण फायलीत लिहिलंय."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. विद्यार्थिनीने वही उघडली आणि ते उतरवून घ्यायला लागली.

मी तिला लिहू दिलं.