आईची जमिनीवरची बैठक

गुडघ्याला चोळायच्या तेलाचा वास आला की डोंबिवलीच्या घरातली ती दुपार आठवते. जपानच्या सहलीचं ठरत होतं. नकाशा जमिनीवर पसरलेला, पंख्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर पोह्यांच्या बशा ठेवलेल्या. शहरं पक्की झाली, पण डोंगरातल्या खेड्यापाशी बाबा अडले. "तिथे जेवायचं, झोपायचं सगळं जमिनीवर. तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही. ते गाव काढून टाकू." आई फणकारली, "उंच इमारती बघायला घोडबंदर रोड आहे की! मला भाताची शेतं बघायचीत. मानपाड्यातली आमची इमारतींखाली गेली, निदान तिथली तरी बघू दे." त्याच दिवसापासून तिने जेवणाचं टेबल सोडलं. ताट घेऊन चटईवर बसायची. ती उठताना मी हात पुढे केला, तर म्हणाली, "राहू दे गं, सवय होऊ दे." मग तेल चोळत बसायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चटईच. शेवटी त्या खेड्यात पोचलो, तेव्हा आम्ही उतरलो त्या घरच्या मालकीणबाईंनी आईचं वय बघून लगबगीने खुर्ची आणली. आईने हसून ती बाबांपुढे सरकवली आणि स्वतः खाली बसली. हल्ली ते तेल मी माझ्या गुडघ्यांना लावते. चटई मात्र अजून गुंडाळून ठेवलेली नाही.