कोथिंबिरीचा भाव

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. यांनाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मध्येच 'असू दे गं' म्हणणार नाही.

लग्नानंतर नऊ वर्षं पनवेलच्या घरात भाजी कोणती करायची, हे मी कधी ठरवलं नाही. ते सासूबाई ठरवायच्या. बाई वाईट नव्हत्या – मिठागरावर राबून मुलाला शिकवलं होतं त्यांनी. पण स्वयंपाकघर त्यांचं.

नव्वदच्या सुमारास यांना सेशेल्स बेटांवर नोकरी लागली. मी नाचायचीच काय ती बाकी होते! निघताना सासूबाई म्हणाल्या, "तुमी जा, घर लावा. मंग मी पन येते."

तेव्हाच ठरलं – माझ्या मनात.

बेटावर महागाई होतीच. बटाटासुद्धा बोटीनं यायचा. पण घर कंपनीचं होतं, एक खोली रिकामीच, आणि मासळी दारात फडफडीत ताजी. एका म्हातारीचं खाणं काय जड होतं? मी मात्र पत्रांतून रडगाणं लावलं. टोमॅटो बघायचा, घ्यायचा नाही. दूध पावडरचं. कोथिंबिरीची जुडी तर सोन्याच्या भावानं – आणि हे लिहिताना खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात माझी कोथिंबीर हिरवीगार डुलत होती. त्यांनीच बांधून दिलेले धणे रगडून पेरले होते मी! हे पत्राखाली न वाचताच सही करायचे.

उत्तर आलं, शेजारणीकडून लिहवून घेतलेलं. "तुमच्या पोटाला चिमटा काढून मी नाय यायची. जिवाला जपा."

वाचलं आणि चहा टाकला – साखर दुप्पट. जिंकले होते मी! चार वर्षं त्या घरात मीच राणी. मनाला येईल ते शिजवलं. करपलं तरी माझंच करपलं.

परत आलो, तेव्हा हळदीकुंकवाला सासूबाई बायकांना सांगत होत्या, "माझ्या सुनेनं कोथिंबिरीबिगर चार वर्सं काढली. हाय कुनाची छाती?" बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. मी मान खाली घातली असेल, असं वाटतं तुम्हाला? छे – चांगली ताठ बसले.

त्या गेल्या, तेव्हा त्यांची ट्रंक मीच आवरली. माझी सगळी पत्रं एका रुमालात बांधलेली, आणि त्यांच्यात एक पासपोर्ट. आम्ही गेलो त्याच वर्षी काढलेला. कुणाबरोबर जाऊन काढला, कधी बोलल्या नाहीत. फोटोत डोक्यावर पदर नीट घेतलेला, ओठ मिटलेले. मी पानं उलटली. एकही शिक्का नाही.

ती चार वर्षं आठवली की मी आजही खुलते – ते कशाला लपवू? त्यातला एक दिवसही परत करावासा वाटत नाही. आणि त्या पासपोर्टची पानं कोरी राहिली, ती माझ्यामुळे.