ॲडजस्ट कोणी करायचं?

कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा आई खिडकीशी येऊन म्हणाली, "परक्यात चाललीयास, थोडं ॲडजस्ट कर." आबा शेजारीच उभे होते. ते मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात टाइप जुळवायचे. मोर्च्याची, संपाची उरलेली पत्रकं घरी आणायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. आबा एवढंच बोलले, "कुठवर करायचं, ते तुझं तू ठरीव."

गाडी सुटता सुटता एक बाई बोचकं घेऊन चढली आणि माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाली, "पावणं, सरका की! ॲडजस्ट करा जरा." दोघांच्या बाकावर तिघं बसलो. कराड येईपर्यंत तिनं आम्हा दोघांना शेंगा चारल्या.

तुम्ही जे गावाकडेच राहिलात, त्या तुम्हांला हा शब्द एवढाच ठाऊक असेल. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांना त्याचं पुढचं रूपही माहीत आहे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्यात डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवायच्या, कामाला लागले. साहेबांची चूक माझ्या माथी आली, तर ॲडजस्ट. रविवारी कामावर यायचं, तर ॲडजस्ट. सोबतच्या मैत्रिणीनं नवऱ्याचा मार माहेरी सांगितला, तिलाही तेच उत्तर. मला या शब्दाचा संशय येऊ लागला. एसटीत उभा असलेला माणूस तो शब्द बसलेल्याला म्हणायचा. इथं बसलेले लोक उभ्यांना म्हणत होते, आणि स्वतः तसूभर हलत नव्हते.

तरीही मी फसले. आडनाव सांगितल्यावर दोन खोल्या हातच्या गेल्या होत्या. तिसऱ्या ठिकाणी मालकीणबाईंनी विचारलं, "आडनाव काय गं?" मी आबांच्या गावाला 'कर' जोडून टाकलं, "कुरुंदवाडकर." त्या प्रसन्न हसल्या. मी त्यांना काकू म्हणू लागले. मटण बंद केलं. घरून आणलेली निळ्या कोटातली तसबीर पेटीच्या तळाशी ठेवली. आपल्यातल्या कितीतरी घरांनी असंच केलंय, अशी मनाची समजूत घातली.

आठ महिन्यांनी आबा न कळवता आले. काकूंनी दार उघडलं. मी त्यांच्यामागून "आबा!" म्हणाले, तशा त्या म्हणाल्या, "या या, कुरुंदवाडकर!"

आबांनी मागं वळून पाहिलं. "कोण कुरुंदवाडकर? मी कांबळे. ही माझी पोरगी."

काकूंनी अर्धं दार ओढून घेतलं. "मला काही नाही हो," त्या म्हणाल्या, "पण सोसायटी आहे, थोडं ॲडजस्ट..."

आबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला विचारलं, "हे नाव तू सांगितलंस व्हय?"

"ॲडजस्ट केलं, आबा." हे मीच बोलले.

"म्हंजी आमालाच सरकवलंस की."

ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत. संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. चिडले असते, तर मी भांडले असते. ते चिडले नाहीत.

महिनाअखेर मी खोली सोडली. मग चार घरं पाहिली, आणि चारही ठिकाणी पहिल्याच वाक्यात आडनाव सांगितलं. तीन ठिकाणी खोली "कालच गेली" होती. चौथं घर कॅम्पातल्या एका मुसलमान विधवेचं होतं. ती शिवणकाम करायची. तिनं मशीन न थांबवता विचारलं, "पाणी सहाला येतं. उठशील?" मला तिचाही संशय आला. आता पुढचं काय विचारणार, म्हणून मी दारातच थांबले. तिनं किल्ली पुढं केली.

नवा पत्ता आबांना कळवला. उत्तर आलं नाही. घर म्हणजे काय, याचा त्या दिवसांत फार विचार केला. जिथं आपल्या माणसाला आवाज खाली करावा लागत नाही, ते घर, एवढंच मला कळलं. पण ते माणूस यायला तर हवं.

महिन्याभरानं, एका रविवारी, जिन्याखालून आबांचा मोठा आवाज आला. अख्खी गल्ली दारात आली.

"कांबळ्यांची पोरगी हितंच ऱ्हाती काय?"

मी वरून तेवढ्याच मोठ्यानं ओरडले, "व्हय!"