मोकळं होण्याची भीती

जिते गावचा नितेश जात्याच संशयी. कुणी ‘बरा हायस ना?’ विचारलं तरी हा मनात म्हणायचा, हा का विचारतोय? बायकोने, सगुणाने, न मागता चहा दिला तरी आधी तिच्या तोंडाकडे बघायचा.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत तो ऑपरेटर. उन्हाळ्यात वरच्या टाकीचा पाइप फुटला आणि वाफ अंगावर येता येता राहिली. ओरखडासुद्धा नाही उठला. पण तेव्हापासून टाकीच्या लोखंडी शिडीपाशी गेलं की छाती धडधडायची, हात घामाने निसटायचे. हे त्याने सगुणालाही सांगितलं नव्हतं. कंपनीला कळलं तर नोकरी गेलीच म्हणायची!

आणि नेमकं तेव्हाच कंपनीने ध्यानाचा वर्ग काढला. दर गुरुवारी, कँटीनमध्ये. पेणहून एक गुरुजी यायचे. आता चहात दूध घालताना हात आखडणारी कंपनी शांती फुकट वाटेल? नितेश डोळे मिटायचा, पण अर्धेच. कोण कुणाकडे बघतंय, ते दिसायला नको?

एका गुरुवारी गुरुजी गोड आवाजात म्हणाले, “आज सगळ्यांनी मोकळं व्हायचं.”

झालं! सगळ्यांचे डोळे पटापट उघडले. कंपनीत ‘मोकळं केलं’ म्हणजे कामावरून काढलं. दुसरा अर्थच नाही.

“सगळ्यांनीच?” मागून कुणीतरी पुटपुटलं. हसलं कुणी नाही.

गुरुजी गडबडले. “अहो, मन मोकळं करायचं. मनात असेल ते बोला.”

मग वरच्या टाकीवरचा मोरूदादा, पन्नाशीचा गडी, एकदम रडायलाच लागला. “मला त्या शिडीची भीती वाटते वो. पाय उचलत नाय.”

नितेशने मान वळवून दादाकडे बघितलं. हे तर त्याचंच बोलणं! ‘मलापण’ अगदी ओठांवर आलं. पण एचआर म्हणजे माणसांचं खातं बघणाऱ्या दिशा मॅडम मोबाइलवर काहीतरी टाइप करत होत्या. बघा, म्हटलं ना!

“नितेश, तुमचं काय?” मॅडमनी विचारलं.

“माझं? काय नाय. एकदम झकास.”

सोमवारी मोरूदादा टाकीवर दिसला नाही. गेला बिचारा, नितेशला वाटलं. वाईट वाटलं, आणि आपण वाचलो म्हणून बरंही वाटलं. संध्याकाळी पूल ओलांडून तो पलीकडच्या अष्टमी गावात मोरूदादाच्या घरी गेला. दादा ओट्यावर आरामात वाल सोलत बसलेला.

“काढला नाय रे! खाली पंपावर घेतलंय. रात्री झोप लागते आता.”

“यात कायतरी डाव असंल, दादा.”

“तू ना, देव समोर आला तरी ओळखपत्र मागशील.”

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आदेशसाहेबांनी नितेशला शिडीपाशी बोलावलं. “मोरूच्या जागी वरती आता तू. कायमचा. मॅडम म्हणाल्या, तुला कसलाच त्रास नाय. खरं ना? असंल काय तर आत्ताच सांग, दुसरा बघतो.”

नितेशने साहेबांचा चेहरा नीट न्याहाळला. साधा चेहरा, काळजीचाच. पण एवढ्या प्रेमाने विचारतो म्हणजे नक्कीच परीक्षा घेतोय.

“नाय साहेब, कसला त्रास?” म्हणत त्याने ओला हात पँटला पुसला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.